चौसष्ट नंबरचं टेबल

आमच्या गावात लग्न असलं की पंगतीची जबाबदारी माझ्या मोठ्या काकांकडे असायची. वेंगुर्ल्याजवळचं लहानसं गाव आमचं. काका खांद्यावर पंचा टाकून मांडवाच्या तोंडाशी उभे राहायचे. हातात कागद नाही, पेन्सिल नाही. पण पहिल्या पंगतीला कोण, दुसरीला कोण, व्याह्यांच्या शेजारी कोणाला बसवायचं, आणि कोणत्या दोन मामांना एकमेकांसमोर मुळीच बसवायचं नाही (एका आंब्याच्या झाडावरून त्यांचं बोलणं बंद होतं), सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. मी पानात मीठ वाढायचो. लहान मुलांना पंगतीत तेवढंच काम देतात.

काकांच्या वडिलांच्या काळात काही माणसांना मांडवाबाहेर, वेगळ्या पंगतीला बसवत असत, हेही मी घरातच ऐकलं आहे. ते सांगताना काकांचा आवाज खाली जायचा.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आज कशाला? तर मित्रांनो, पुढे मी जे काम केलं, ते काकांचंच होतं. फक्त मांडव समुद्रावर तरंगत होता आणि पंगतीला अठराशे माणसं असायची!

आमच्या भागातली आणि गोव्यातली पुष्कळ माणसं जहाजावर नोकरीला जातात. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. कोणी इंजिनात, कोणी डेकवर, पण पुष्कळसे स्वयंपाकघरात आणि जेवणघरात. मी मुंबईत हॉटेलचं शिक्षण घेतलं, सीडीसी म्हणजे खलाशाचं ते पुस्तक काढलं, आणि १९९३ साली एका प्रवासी जहाजावर सहायक वेटर म्हणून चढलो. सामान घेऊन जाणारं जहाज नव्हे हं. लोक सुट्टीत मजा करायला ज्यावर जातात, ते क्रूझ जहाज. अमेरिकेतल्या मायामी बंदरातून दर शनिवारी ते निघायचं, कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवरून फिरून पुढच्या शनिवारी सकाळी परत. सकाळी अठराशे माणसं उतरायची, दुपारी नवी अठराशे चढायची.

आता गंमत ऐका. जेवणघरात खुर्च्या होत्या नऊशे. म्हणजे दोन पंगती आल्याच. पहिली संध्याकाळी सहाला, दुसरी साडेआठला. मुलंबाळं असलेली कुटुंबं आणि म्हातारी माणसं बहुतेक पहिली पंगत मागायची. तरुण मंडळींना आणि दक्षिण अमेरिकेतल्या लोकांना उशिराची हवी असायची. स्वयंपाकघराच्या दृष्टीनेही हेच बरं. नऊशे ताटं गरम गरम द्यायची, मग मधल्या अर्ध्या तासात सगळे टेबलक्लॉथ बदलायचे, काटे-चमचे मांडायचे, आणि पुन्हा नऊशे.

प्रत्येकाचं टेबल ठरलेलं. आठही रात्री नव्हेत, सातच रात्री (मोजून पाहा, आठवी रात्र घरी), पण सातही रात्री तीच खुर्ची, तेच शेजारी, तोच वेटर. टेबलं दोघांची, चौघांची, सहांची, आठांची आणि दहांची. दोघंच आलेल्या माणसांना बरेचदा आठांच्या टेबलावर अनोळखी लोकांबरोबर बसवावं लागे. दोघांची टेबलं मुळात थोडी.

हे सगळं ठरवणाऱ्या मुख्य माणसाला मेत्र-दी म्हणतात. आमचा मेत्र-दी इटलीचा होता. पांढरे केस, पायात चकचकीत काळे बूट. आम्ही त्याला ‘सिन्योर’ म्हणायचो. त्याच्याकडे एक मोठा पुठ्ठा होता. त्यावर जेवणघराचा नकाशा, प्रत्येक टेबलाला नंबर. कंपनीच्या ऑफिसातून नावांची छापील यादी यायची, पण ती यादी म्हणजे अर्धवट शिजलेला भात. एकाच घरच्या माणसांनी वेगवेगळी तिकिटं काढलेली असली, तर ती यादी आजीला पहिल्या पंगतीला आणि नातवंडांना दुसऱ्या पंगतीला बसवून मोकळी होई. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला दारापासून सर्वात लांब टाकी. म्हणून शनिवारी सकाळी सिन्योर आणि मी पेन्सिल घेऊन बसायचो. तोवर मी हेड वेटर झालो होतो. आडनावं जुळवायची, वयं बघायची, कोणाचा वाढदिवस आहे, कोणाला मधुमेह आहे, कोणाला इंग्रजी येत नाही, ते बघायचं. फक्त स्पॅनिश बोलणाऱ्या बाईंना सात रात्री सात इंग्रजी बोलणाऱ्यांत बसवलं तर जेवण कितीही छान असलं तरी घशाखाली उतरेल का?

दुपारी एक ते चार सिन्योर एका दिवाणखान्यात टेबल टाकून बसायचा. ज्यांना टेबल बदलून हवं त्यांची रांग लागायची. ‘आम्हाला खिडकी हवी.’ ‘आम्हाला दोघांचंच हवं.’ ‘माझ्या सासूबाईंचं टेबल जरा लांब टाकता येईल का?’ दोघांचं टेबल भांडून मिळवणारी काही जोडपी सोमवारी परत यायची आणि हळूच म्हणायची, ‘आठांच्या टेबलावर दोन जागा आहेत का हो?’ बोलायचे विषय संपलेले असायचे!

आणि खिडकीचं वेड तर मला कधी कळलंच नाही. हिवाळ्यात तिथे सहाच्या सुमारास अंधार पडतो. त्यानंतर खिडकीत दिसतं काय? आपलंच तोंड.

कोण कुठे बसणार हा प्रश्न जहाजांवर फार जुना आहे. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकवर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची जेवणघरं वेगवेगळी होती. तिसऱ्या वर्गाचं सगळ्यात खाली. क्यूनार्ड कंपनीच्या जहाजांवर आजही तुमची खोली किती महाग, त्यावर तुमचं जेवणघर ठरतं. याउलट डिस्नेचं पहिलं जहाज १९९८ साली निघालं, त्यात वेगळीच युक्ती होती. कुटुंबांनी आज एका जेवणघरात जेवायचं, उद्या दुसऱ्या, परवा तिसऱ्या, आणि त्यांचे वेटर त्यांच्याबरोबर फिरायचे. मुलांना जागा नवी मिळते आणि चेहरा ओळखीचा राहतो. हे ज्याने कोणी सुचवलं, त्याला माझा नमस्कार.

त्याच १९९८ सालच्या डिसेंबरातली गोष्ट सांगतो. सुट्टीचे दिवस, जहाज गच्च भरलेलं. एकही खुर्ची रिकामी नव्हती.

चौसष्ट नंबरचं टेबल आठांचं होतं, खिडकीजवळ, पहिल्या पंगतीतलं. त्यावर मी बसवले होते दोन म्हातारे भाऊ, एक नर्सबाई आणि त्यांची बहीण, कॅनडातल्या एका खेड्यात सव्वीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या एक आजी आणि त्यांची मैत्रीण, आणि एक वडील व त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा. हा मुलगा बोलताना अडखळायचा. थोडाथोडका नव्हे, पहिलं अक्षर निघायलाच वेळ लागायचा. शनिवारी रात्री त्याने तोंडच उघडलं नाही. मेनूकार्डावर बोट ठेवून वेटरला दाखवलं, बस्स. वडील त्याच्याकडे बघत नव्हते, पण त्यांचं सगळं लक्ष त्याच्याकडेच होतं. असं लक्ष तुम्ही पाहिलं असेल.

रविवारी बसवाल्या आजींनी त्याला काहीतरी विचारलं. तो सुरुवात करायला लागला आणि अडकला. शेजारच्या भाऊंपैकी एकाने मदत म्हणून शब्द पुरा करून दिला. आजी त्यांना म्हणाल्या, ‘राहू द्या. त्याला बोलू द्या. सूप यायला अजून वेळ आहे.’ आणि हातातला पाव खाली ठेवून त्या थांबल्या. कपाळाला आठी नाही, घाई नाही. सव्वीस वर्षं मुलं बसमध्ये चढेपर्यंत थांबलेली बाई ती. तिला थांबता येत होतं.

मंगळवारी जहाज ग्रँड केमन बेटापाशी होतं. तिथे समुद्रात एका उथळ वाळूच्या पट्ट्यावर पाकटं येतात. आपल्याकडे कोळणींच्या पाटीत असतात तीच पाकटं, चपटी, लांब शेपटीची. तिथे ती माणसांच्या पायांशी येऊन हातातून खातात. त्या रात्री चौसष्ट नंबरवर तो मुलगा पाकटाची गोष्ट सांगत होता. ‘प’वर अडकत होता, पुढे जात होता, पुन्हा अडकत होता. पण सातही माणसं थांबून ऐकत होती, आणि मुख्य पदार्थ गार होत होता. आमचा वेटर फिलिपिन्सचा होता. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘गोड आणायचं थांबवलंय. गोष्ट संपू दे.’

आता माझ्याबद्दल.

बुधवारी दुपारी एक गृहस्थ मला जिन्यापाशी भेटले. मनगटावर सोनेरी घड्याळ. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला दोघांचं टेबल मिळालं होतं, पण भटारखान्याच्या दाराशी. तिथे दार सारखं उघडतं, ताटांचा खणखणाट होतो. तक्रार खरीच होती. शनिवारीच आले असते तर सिन्योरने काहीतरी केलं असतं. आता चार दिवस उलटून गेले होते. त्यांनी हसून माझा हात हातात घेतला, आणि त्यांचा हात सुटला तेव्हा माझ्या तळव्यात एक घडी घातलेली नोट होती. पन्नास डॉलर. ‘खिडकीजवळचं बघ काहीतरी,’ ते म्हणाले.

तेव्हाचे दोन हजार रुपये तरी होतील. आमचा पगार अगदी थोडा असायचा, सगळी मदार शेवटच्या रात्री पाकिटातून मिळणाऱ्या बक्षिसीवर. त्या वर्षी माझ्या बहिणीची नर्सिंगची फी भरायची होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. खिशात नोट ठेवताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो आहे.

मी पुठ्ठा काढला. खिडकीजवळ कोणाला हलवलं तर गवगवा होणार नाही? दहांचं कुटुंब हलवता येत नाही. म्हाताऱ्या भावांपैकी एकाला ऐकू कमी यायचं, त्याला खणखणाटात नको. मग माझी पेन्सिल त्या वडील आणि मुलावर थांबली. ती दोघंच होती. वडील शांत माणूस, तक्रार करणार नाही. बापलेकांना आपलं वेगळं टेबल आवडेलच की, अशी मी माझी समजूतही काढली. दोन गेले, दोन आले. कागदावर हिशेब चोख.

संध्याकाळी सहाला मुलगा नेहमीसारखा वडिलांच्या पुढे धावत चौसष्टपाशी आला. त्याच्या खुर्चीत सोनेरी घड्याळवाले बसले होते. मी पुढे झालो, छान हसलो, म्हटलं, ‘तुमच्यासाठी खास टेबल ठेवलंय!’ आणि त्यांना भटारखान्याच्या दाराशी नेऊन बसवलं. मुलाने मेनूकार्ड उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं. गोड यायच्या आतच दोघं उठून गेली.

थोड्या वेळाने बसवाल्या आजींनी मला बोलावलं. ‘माझा मित्र कुठे गेला रे?’

मी म्हटलं, ‘त्यांनीच वेगळं टेबल मागितलं, मॅडम.’

हे इतक्या सहज तोंडातून निघालं की माझं मलाच नवल वाटलं. आजी क्षणभर गप्प झाल्या. मग मैत्रिणीकडे वळून म्हणाल्या, ‘बरोबर आहे. आम्हा म्हाताऱ्यांत तो कंटाळला असेल.’ आणि चमचा उचलून समोरचं खायला लागल्या. पण त्या खात नव्हत्या, चमचा नुसता फिरवत होत्या.

माझी केबिन पाण्याच्या पातळीखाली होती. चौघांची. रात्री जहाजाच्या पत्र्यावर पाणी घासल्याचा आवाज यायचा. एरवी त्या आवाजाने मला झोप लागे. त्या रात्री नाही लागली.

गुरुवारी सकाळी नाश्ता आटोपल्यावर मी सिन्योरकडे गेलो आणि सगळं सांगितलं. नोट टेबलावर ठेवली. वाटलं, आता ओरडेल, पुढच्या बंदरावर उतरवेल. तो ओरडला नाही. बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘नोट ज्याची त्याला दे. मुलाला आज रात्री परत बसव. आणि ज्याला ज्याला जे खोटं सांगितलंस, त्याला त्याला खरं सांग. ते मी नाही सांगणार, तू सांग.’

सोनेरी घड्याळवाल्यांपासून सुरुवात केली, कारण ते सोपं वाटलं. सोपं नव्हतं. ते संतापले. नोट परत घेतली आणि शेवटच्या दिवशी तक्रारीच्या कार्डावर माझ्याविषयी पुष्कळ लिहिलं. पुढच्या करारात मला वरची जागा मिळायची होती, ती त्यामुळे मिळाली नाही. पण ती तक्रार काही खोटी नव्हती. एक गोष्ट मात्र मला आजही खुपते. त्या रात्री चीफ इंजिनिअर पाहुण्यांबरोबर जेवणार होते, आणि सिन्योरने या जोडप्याला त्यांच्या टेबलावर बसवलं. शुक्रवारसाठी दुसऱ्या बाजूला खिडकीही शोधून दिली. तो म्हणाला, ‘खणखणाटाची तक्रार त्यांची खरी होती. पैसे देण्याची गरज पडू नये, हे आपलं काम.’ मला ते पटतं. तरी खुपतं.

दुपारी वरच्या डेकवर, जिथे लोक आपापलं ताट वाढून घेतात तिथे, बापलेक सापडले. मी खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसलो, म्हणजे मुलाच्या तोंडासमोर माझं तोंड येईल. म्हटलं, ‘काल तुमचं टेबल बदललं ते तुमच्यासाठी नव्हतं. एका माणसाने मला पैसे दिले आणि मी ते घेतले. माझी चूक झाली.’

वडिलांचा चेहरा लाल झाला. ते रागावले असं मला वाटलं. पण ते म्हणाले, ‘म्हणजे टेबलावरच्या कोणी तक्रार केली नव्हती?’

‘कसली तक्रार?’ मी विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. मुलाकडे बघितलं फक्त. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रात्रभर त्या दोघांना वाटत होतं, की पाकटाची गोष्ट फार लांबली. ऐकून ऐकून लोक कंटाळले, आणि त्यांनीच सांगितलं, याला इथून उठवा.

मला बोलता येईना. मुलगा मात्र काहीतरी विचारायला लागला होता. पहिलं अक्षर निघत नव्हतं. मी थांबलो. आसपास ताटं वाजत होती, कोणीतरी आइस्क्रीमच्या रांगेत हसत होतं.

‘कि… किती?’ त्याने विचारलं.

‘पन्नास डॉलर,’ मी म्हटलं.

त्याने जरा विचार केला. मग मान हलवली. एवढी रक्कम त्याला जास्त वाटली की कमी, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

संध्याकाळी आजींना सांगितलं. सहाच्या आत, टेबलावर इतर कोणी यायच्या आधी. ‘त्यांनी मागितलं नव्हतं. मी खोटं बोललो.’ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ‘असू दे’ वगैरे म्हणाल्या नाहीत. त्यांनी शेजारची खुर्ची थोडी मागे ओढली आणि दाराकडे बघत बसल्या.

मुलगा आला. आज धावत नव्हता. आजी म्हणाल्या, ‘काल रात्री मला फार कंटाळा आला. पाकटांचं पुढे काय झालं, ते राहिलंच की.’

मग त्याने पुढचं सांगितलं. त्या रात्री वारा होता आणि जहाज हलत होतं. अशा वेळी आम्ही टेबलक्लॉथवर पाणी शिंपडून तो ओला करतो, म्हणजे ताटल्या घसरत नाहीत. मुलाला ही युक्ती फार आवडली. त्याने आपली ताटली ढकलून बघितली, आजींची ढकलून बघितली, आणि मग वेटरला प्रश्न विचारायला लागला. फिलिपिन्सचा वेटर दुसरी दोन टेबलं ताटकळत ठेवून थांबला. त्या टेबलांवरून मला दोनदा बोलावणं आलं. मीच जाऊन वाढलं.

नंतर मी बरीच वर्षं जहाजावर होतो. काळ बदलला. एका मोठ्या कंपनीने २००० साली ठरलेल्या टेबलांची पद्धतच सोडली. हवं तेव्हा या, हवं तिथे बसा. मग इतरांनीही तशी सोय ठेवली. आता पुष्कळ जहाजांवर दोन्ही पद्धती आहेत, आणि बक्षिसीही रोजच्या रोज बिलातच धरतात. लोकांना हे सोयीचं वाटतं, आणि खिडकीसाठी हात मिळवणारेही कमी झाले असतील. पण दररोज नव्या टेबलावर बसलं, तर मंगळवारची गोष्ट गुरुवारी पुरी करायला कोणाकडे जायचं? आमच्या गावच्या लग्नातही आता बुफे असतो. काका असते तर पंचा खांद्यावर टाकून कुठे उभे राहिले असते, कोण जाणे.

शुक्रवारी शेवटची रात्र होती. पाकिटं देऊन झाली, पत्ते लिहून झाले, म्हाताऱ्या भावांनी सगळ्यांचे फोटो काढले. जेवणघर रिकामं होत आलं. दुसऱ्या पंगतीसाठी टेबलक्लॉथ बदलायला सुरुवात झाली होती. मुलगा दारापर्यंत गेला आणि एकटाच परत आला. मी पुठ्ठा घेऊन उभा होतो. त्याने चौसष्टकडे बोट दाखवलं.

‘उ… उद्या माझ्या खुर्चीत कोण?’

‘उद्या दुपारपर्यंत मलाही माहीत नसतं,’ मी म्हटलं.

त्याने पुठ्ठ्यावरचा नकाशा नीट बघितला. चौसष्ट नंबर शोधला, खिडकी कोणती ते शोधलं, आणि भटारखान्याचं दारही शोधलं. मग तो टेबलापाशी गेला, आपली खुर्ची दोन्ही हातांनी नीट आत सरकवून ठेवली, आणि वडील उभे होते तिकडे निघून गेला.